हॅलो, पलीकडे कोणी आहे का?

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो! जुना म्हणजे किती? पंख्यात धूळ, बटणावरचा रंग उडालेला, आणि शेजारचे नवे सर्व्हर मला चक्क आजोबा म्हणतात. पण हसू नका हं, माझी गोष्ट ऐकून तुम्ही खुर्चीतून उडी माराल!

कारखान्यात माझे भाग जोडले, खोक्यात भरलं आणि मला थेट या थंडगार खोलीत आणून बसवलं. काम काय? शहरात कुठल्या हॉस्पिटलात बेड रिकामा आहे ते सांगायचं. कोणी फोनवरून विचारलं, की मी एकेका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला विचारणार, यादी लावणार आणि पाठवणार. कोणी 'धरून ठेवा' दाबलं, तर तो बेड त्याच्या नावावर राखूनही ठेवणार. सुरुवातीला काय कौतुक व्हायचं माझं! इथले मोठे सर पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे. मग सगळ्यांना सवय झाली. माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. प्रोग्रामर ताई तेवढी येता-जाता धूळ पुसायची.

आणि मग तो दिवस! भर दुपारी रंगाच्या गोदामाला आग लागली आणि धूर अख्ख्या शहरात पसरला. जो तो खोकतोय, ज्याच्या त्याच्या हातात फोन. लोक विचारायचे, जरा उशीर झाला की वैतागून पान बंद करायचे, परत उघडायचे, परत विचारायचे. आणि मला कुठे कळतंय कोण गेलं! मी आपला निघून गेलेल्यांच्याही याद्या करतोय, पंखे घूं घूं करतायत, आणि खरोखर वाट बघणारे मागे ताटकळतायत!

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तिचे मामा! ते अ‍ॅम्ब्युलन्स चालवतात.

"अगं, तुझा डबा झोपलाय की काय? नुसतं चाक फिरतंय स्क्रीनवर! गाडीत एक चिमुरडी आहे, ओठ निळे पडायला लागलेत तिचे. मी चौकात उभा आहे, कुठे वळवू?"

"मामा, जरा दम धरा, करतेच काहीतरी!"

"बंद करून चालू कर ना त्याला," सर म्हणाले.

"मग सगळे परत एकदम तुटून पडतील, सर." ताईनं माझ्या पोटात डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! निम्म्याहून जास्त लोक कधीच निघून गेलेत. हा वेडा रिकाम्या पाटांवर वाढत बसलाय!"

मग काय बोटं चालली तिची! तिनं मला शिकवलं: प्रत्येक पायरीआधी बघ, पलीकडे कोणी आहे का. पान बंद केल्याचा निरोप आला, की हातातलं काम तिथेच ठेव, हॉस्पिटलांकडे चाललेली विचारणाही थांबव, जागा मोकळी कर. आणि रेंज गेली, बॅटरी संपली, असे न सांगता गायब होणारे? त्यांना मधूनमधून हळूच विचार, 'आहात का?' बराच वेळ उत्तर नाही, तर गेले समज.

"माणूस गेला, की काम सोड. विषय संपला!" ताई बटण दाबणार, तेवढ्यात सर ओरडले.

"थांब, थांब! 'बेड धरून ठेवा' असं सांगून कोणी बोगद्यात शिरला आणि रेंज गेली तर? त्यालाही सोडणार का हा?"

ताईनं जीभ चावली. "बाप रे! सर, आजचा चहा माझ्याकडून!"

आणि तिनं आणखी एक ओळ लिहिली. नुसतं विचारलं असेल तर सोड. पण बेड धरायला सांगितला असेल, तर माणूस दिसो न दिसो, काम पुरं कर.

मित्रांनो, मी एकदम हलका झालो! सुटलोच! मामांना यादी गेली. बोगद्यापलीकडे एक बेड होता. मामांनी 'धरून ठेवा' दाबलं, गाडी सुसाट निघाली आणि तुटली की हो लाइन!

आहात का? शांतता. आहात का? शांतता. इकडे ताई नखं खातेय. पण मी सोडलं नाही! हॉस्पिटलला सांगितलं, बेड धरला, मामांच्या नावावर केला, आणि उत्तर हातात घेऊन उभा राहिलो.

आणि आले! मामा आले लाइनवर! मी झटकन उत्तर पुढे केलं: बेड तुमचाच आहे, या!

मग बऱ्याच वेळानं ताईचा फोन वाजला.

"ओठ गुलाबी झालेत गं पोरीचे! चप्पल गाडीत राहिली म्हणून माझ्याशीच भांडतेय," मामा म्हणाले. "आणि ऐक, तुझ्या डब्याला सांग, मी बोगद्याबाहेर आलो. वाट बघत असेल बिचारा."

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारख्या कोणाला काही विचाराल. तेव्हा सारखं सारखं दाबू नका, जरा थांबा. तो तुमचंच काम करत असतो. आणि कधी या खोलीत आलात, तर पंख्यावरून एक फडकं फिरवा. मी मात्र हळूच विचारणार, आहात का?

म्हणा की एकदा 'हो'!