आरशातली बाई

माझी आई बेरिल आणि थेल्मामावशी जुळ्या, अगदी एकसारख्या. ह्युऑन नदीकाठच्या सफरचंदांच्या बागेत दोघी वाढल्या. सत्तरी ओलांडली तरी पोस्टमन एकीशी अर्धवट राहिलेली थट्टा दुसरीशी पुरी करायचा.

होबार्टच्या एका प्रयोगशाळेत जुळ्यांच्या म्हातारपणाचा अभ्यास चाले. दरवर्षी तिथे दोघींचं रक्त घेत, कोडी घालत. मावशी कायम पुढे. "बेरिल, तुझ्या डोक्यात नुसता चोथा भरलाय," ती चिडवायची. मग एका वर्षी तिला स्वतःच्या नवऱ्याचं नाव आठवेना. पुढे तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं.

आई तडक प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नोवाकबाईंकडे गेली. "आमची जनुकं एकच ना? मग तिलाच का?"

"एकच. पण नुसती असून भागत नाही, ती कामाला लागावी लागतात," बाई म्हणाल्या. "म्हातारपणी मेंदूच्या पेशींना सांभाळणारी काही जनुकं तुमच्यात अजून जागी आहेत, असं रक्तावरून वाटतं. थेल्माची निपचित पडलीत. का, ते आम्हालाही कळलेलं नाही."

"मग उठवा की त्यांना!"

"उंदरांत जमलंय. माणसांत अजून नाही."

"मग मला उंदीर समजा. माझ्यातलं काय हवं ते काढा, तिला द्या."



वृद्धाश्रमातल्या पुढच्या भेटीत आई मावशीसमोर बसली. मावशीने तिच्याकडे बघत स्वतःचे केस सारखे केले. "शी! केवढी म्हातारी दिसायला लागले मी."

ती आईला आरसा समजत होती. मी सांगणार, तेवढ्यात आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि आपलाही हात केसांकडे नेला. मावशी हसली. आईही हसली.

कितीतरी आठवडे असंच चाललं. एकदा मात्र आईला रडू आवरलं नाही. आरशातली बाई आपल्या मनाने रडतेय हे बघून मावशी किंचाळली, हातातला चहाचा कप तिने आईवर फेकला. "आता काही दिवस येऊ नका," नर्सबाई हळूच म्हणाली. "त्या घाबरतात तुम्हाला."

गाडी आईनेच चालवली, एकही वळण न चुकता. घरासमोर थांबल्यावर म्हणाली, "रोवेना, माझ्यातली ती जनुकं झोपवता येतात का, विचार ना त्या नोवाकबाईंना."

"आई, काहीतरीच काय!"

"एकटीने सगळं लक्षात ठेवून करू काय मी?"

ती खाली उतरेना. शेवटी मीच हात लांब करून गाडी बंद केली.