एलीसेओची पाटी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, खडूची धूळ मी कधी खाल्लेली नाही. ओहायो नदीकाठच्या आमच्या गावाचा बेसबॉल संघ म्हणजे रिव्हरमेन, आणि त्या संघाच्या कचेरीत मी भिंतीवर असतो. मैदानाच्या सुतारानं एका जुन्या जाहिरातीचा पत्रा लाकडी चौकटीत ठोकला, त्यावर हिरवा रंग फासला आणि मी तयार झालो. बारसं वगैरे काही झालं नाही.

प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक पाटी असते आणि तिच्यामागे चुंबक. वर आमचा संघ, खाली लहान गावांत तयार होणारी पोरं, उजव्या कडेला बाकीचे संघ. जुलैअखेर खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, त्यामुळे जुलै म्हणजे माझी सुगी. कोणाला द्यायचं, बदल्यात कोणाला मागायचं, कोणाचा करार किती उरलाय, या सगळ्याचा खल माझ्यासमोर होतो. माझ्याइतकी माणसं फार थोड्यांनी पाहिली असतील.

मग संगणकाचा एक भलामोठा चकचकीत पडदा आला आणि मला पाट्यांसकट दाराआड टाकलं. तीन वर्षं माझ्यावर लोकांचे ओले कोट वाळत होते! मला तिथून काढलं वर्ना होल्टकॅम्पनं. संघाची सूत्रं हाती येण्याआधी तिनं अठरा वर्षं गावोगाव फिरून, गाडीत सँडविच खात, पोरांचे सामने पाहिले होते. ती म्हणाली, "पडद्यावरचं नाव बोटानं पुसलं जातं. इथे पाटी उचलावी लागते, आपण काय करतोय ते हाताला कळतं." त्या दिवसापासून मी तिचा भक्त आहे, लपवत नाही.

त्या वर्षी जुलैअखेर आम्ही पहिल्या क्रमांकाच्या बारा सामने मागे होतो, म्हणजे मोसम हातचा गेलाच होता. एलीसेओ बराहोना हा आमचा छत्तीस वर्षांचा कॅचर, फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा, अकरा वर्षं आमच्याकडेच. अख्खं गाव त्याच्यावर जीव टाकायचं. पहिल्या क्रमांकावरच्या एका संघाला तो हवा होता आणि बदल्यात ते बावीस वर्षांचा एक डावरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, द्यायला तयार होते. असा डावरा दहा वर्षांत एकदा हाती लागतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळी वर्नाच्या मदतनिसानं, ग्रँट युलरीनं, कसं दिसतं ते बघावं म्हणून एलीसेओची पाटी त्या संघाच्या रकान्यात चिकटवली. दार मात्र उघडंच ठेवलं. बहिणीसाठी सामन्याचे पास घ्यायला एलीसेओ वर आला आणि दारातच थबकला.

"अरे वा!" तो म्हणाला. "मला कळवायचं तरी. बॅग भरायला वेळ लागतो माझ्यासारख्या म्हाताऱ्याला."

ग्रँटनं घाईघाईनं पाटी परत तिच्या जागी लावली. "नाही नाही, हे नुसतं असंच—"

"ग्रँट, गप्प बस," वर्ना म्हणाली. "एलीसेओ, चुकलं आमचं. आधी तुला विचारायला हवं होतं. बस."

विचारायलाच हवं होतं, कारण ज्याची वरच्या पातळीवर दहा वर्षं झाली आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात गेली, त्या खेळाडूला अशी अदलाबदल साफ नाकारता येते. त्याचा होकार नसेल तर तो डावरा आम्हाला मिळणार नव्हता. मुदत सहाची, आणि घड्याळात पाच वाजून गेले होते.

एलीसेओ बसला. "एकच सांग, बॉस. माझ्या करारातलं पुढचं वर्ष तुमच्या मर्जीवर आहे. मी इथेच राहिलो तर ठेवणार मला?"

माझ्या पत्र्यालाही घाम फुटला असता. वर्नानं खरं सांगावं तर तो चिडून अडून बसेल आणि डावरा हातचा जाईल.

"नाही," वर्ना म्हणाली. "तुझा गुडघा आता तीन दिवसांतून एकदा आखडून बसतो. मला तू आवडतोस, पण मी ते वर्ष घेणार नाही."

ग्रँट कळवळून म्हणाला, "अगं, पण ते लोक पुढचं वर्ष नक्की घेतील की! सांग ना त्याला!"

"ते मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी कशी सांगू?"

एलीसेओ बराच वेळ गुडघा चोळत राहिला. मग हसला. "अकरा वर्षांत इथे तुझ्याआधी चार साहेब झाले. सगळे म्हणायचे, 'बघू.' बघू, बघू ऐकून माझे केस पिकले. 'नाही' म्हणणारी तू पहिलीच."

"वाईट वाटलं?"

"वाटलं तर! पण तू खोटं बोलली असतीस तर मी हट्टानं इथेच बसलो असतो. आता जातो. मलाही एकदा ऑक्टोबरमध्ये, विजेतेपदाच्या सामन्यांत खेळायचंय, ते घरी बसून बघून कंटाळा आला."

तो उठला आणि स्वतःची पाटी त्यानं स्वतःच उचलली. असं आजवर कोणी केलं नव्हतं. पाटीखाली माझा रंग पहिल्या दिवसासारखा हिरवागार होता. बाकीचा मी कधीच फिका पडलो होतो, हे मला त्या दिवशी कळलं. एलीसेओनं त्या चौकोनावरून अंगठा फिरवला, पाटी खिशात घातली आणि वर्नाला घट्ट मिठी मारून गेला.

साडेपाचला त्या संघाशी फोनवर सौदा पक्का झाला. ग्रँट नव्या डावऱ्याची पाटी घेऊन आला आणि त्याच हिरव्या चौकोनावर लावू लागला.

"शेजारी लाव," वर्ना म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

मित्रांनो, या हिवाळ्यात मला नवा रंग द्यायचं घाटतंय. माझी तक्रार नाही. चौकट ठोका, खिळे बदला, माझं वय झालंय. जाणाऱ्याला खरं सांगून निरोप द्यायचा असतो, एवढं मी वर्नाकडून शिकलो. आणि जो गेला त्याच्याही मागे काहीतरी ठेवायचं असतं. म्हणून हात जोडून विनवतो, रंगाचा ब्रश तेवढ्या एका चौकोनावरून फिरवू नका.