झरा साबणाची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. साबण खपवायचा, एवढ्याचसाठी माझा जन्म. भट्टीत भाजून चढवलेला माझा रंग अजून तस्साच आहे. निळ्या रंगावर एक हसरी बाई, तिच्या हातात वडी आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'झरा साबण. एक वडी, महिनाभर!'

आणि ते खोटं नव्हतं बरं का! कारखान्यात वाळवणीच्या खोलीवर एक दादा होता. तो वड्या फळ्यांवर चाळीस दिवस वाळवायचा, मग एखादी उचलून तिच्यावर अंगठा दाबायचा. ठसा उमटला की म्हणायचा, "कच्ची आहे, बसू दे." मालकाने कितीही घाई केली तरी हा ढिम्म! त्याच्या धाकट्या बहिणीचं कोपऱ्यावर दुकान होतं. त्यानेच मला तिथे दारावर ठोकलं. बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माझ्या दादाच्या हाताखालची वडी आहे, डोळे मिटून न्या!" मी तर फुगून टम्म झाले होते.

पण माझ्यासारख्या शेकडो पाट्या गल्लोगल्ली लागल्या आणि मागणी अशी वाढली, की फळ्या पुरेनात. चाळीसाचे वीस दिवस झाले, विसाचे आठ. दादा भांडला. "जमत नसेल तर घरी बस," मालक म्हणाला. दादाने अंगठा दाबणंच सोडून दिलं.

एका सकाळी कपडे धुणारी ताई दुकानात आली, ताटलीत साबणाचा लगदा घेऊन. "ही घे तुझी महिनाभराची वडी! आठ दिवसांत पाणी झालं हिचं."

"पाण्यात ठेवली असशील गं."

"वीस वर्षं कपडे धुतेय, मला शिकवू नकोस!"

संध्याकाळी दादा आला. बहिणीने ताटली त्याच्यापुढे सरकवली. "दादा, माझ्या गळ्याची शपथ, खरं सांग. वड्या नीट वाळतात ना? लोकांना तोंड मला द्यावं लागतं रे!"

दादाने मान वर केली. पण बघितलं तिच्याकडे नाही, माझ्याकडे. म्हणाला, "पाटीवर लिहिलंय ना, तेच खरं."

अरे देवा! खिळे निखळून आपटावं असं वाटलं मला. पण पत्र्याच्या हातात असतं काय? भाजलेली अक्षरं गिळताही येत नाहीत.

तिने विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी चारचौघांत त्या ताईलाच खोटं पाडलं. हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. मग एका दुपारी तिने नवी वडी उघडली आणि स्वतः अंगठा दाबला. अंगठा आत रुतला. त्यानंतर दादा दोनदा आला, दोन्ही वेळा तिने दार उघडलं नाही. मी त्याच दारावर असून काही करू शकले नाही.

पुढे दुकान गेलं, साबणही बुडाला. मी कितीतरी वर्षं पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडून होते. आता एका झकपक हॉटेलात टांगलीय. लोक माझे फोटो काढतात. "तेव्हाचा माल अस्सल होता!" म्हणतात. मी आपली हसते. हसरीच रंगवलीय ना.

मित्रांनो, मला पुसा, न पुसा, तुमची मर्जी. पण आपल्या माणसाने तोंडावर विचारलं, तर पाटीकडे बघू नका. त्या संध्याकाळी दादा "कच्च्या आहेत गं" एवढंच म्हणाला असता, तर त्याची नोकरी गेली असती. बहीण राहिली असती.