फळीच्या टोकाचं पाणी

"ताई, बाटली बुडवायचीय पाण्यात, स्वतःला नाही. सोडा तो रुमाल, श्वास घ्या जरा!"

गाडीच्या दाराला टेकून ड्रायव्हरकाका खिदळत होते. तोंड उघडलं की वास सरळ घशात उतरतो, हे ती सहा वर्षांत शिकली होती. नाकावरचा रुमाल तसाच दाबून, बुटांखाली काय येतंय ते बघत बघत, ती फळ्यांच्या धक्क्यावर चढली.

तळ्याचा काठ म्हणजे नुसती राड. शंभरेक कुत्र्यांच्या पायांनी मळलेला चिखल, त्यात केसांचे पुंजके, लाळेने माखलेला कुणाचा तरी चेंडू आणि मालकांनी पाहून न पाहिल्यासारखी सोडलेली घाण. काही जण ती पिशवीत भरत, गाठ मारत आणि पिशवी तिथेच झुडपाला अडकवून जात. त्या लोंबणाऱ्या पिशव्या दिसल्या की ती मान फिरवायची. अर्धवट सभ्यतेची तिला उघड्या घाणीपेक्षा जास्त शिसारी होती. आणि आज काठाच्या पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडावा तशी साय धरली होती.

धक्का वीस पावलं आत जायचा. टोकाशी वारा होता, पाणी काळसर, नितळ. तिथे ती गुडघ्यावर बसली, बाटली भरली, झाकण घट्ट लावलं.

उद्यान खात्याच्या यादीत शहरातली सात मैदानं होती, जिथे कुत्र्यांना पट्टा सोडून मोकळं पळू द्यायची परवानगी होती. आणि त्यांना पोहता येईल अशा चार जागा. यादी लोकांच्या फोनवर जायची. सुट्टीच्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणसं यायची. दर मंगळवारी पाण्याचे नमुने घेणं हे तिचं काम. बाटलीत औषधाची पट्टी बुडवायची, अर्धा तास थांबायचं. पट्टीवर रेघ उमटली तर पाणी चांगलं, फाटकावर हिरवी पाटी. नाही उमटली तर विषारी शेवाळ, लाल पाटी. खात्यात सगळे तिला बाटलीताई म्हणत.

नमुना घ्यायचा कुठे, हेही नियमात होतं: कुत्री जिथून उतरतात तिथून, गुडघाभर पाण्यातून. पहिल्या मंगळवारी तिने तो पाळला होता. बुटाच्या वरून पाणी आत शिरलं, पोटरीला काहीतरी मऊ चिकटलं आणि तिथेच तिला भडभडून उलटी झाली. तेव्हा मुलगी पोटात होती. "टोकावरून घे की," आधी हे काम करणाऱ्या जुन्या बाईंनी सांगितलं होतं, "पाणी सगळं एकच." मुलगी आता पाच वर्षांची झाली, टोक तेच राहिलं.

पट्टीवर रेघ उमटली. ती हिरवी पाटी लावतेय तोच मागून आवाज आला.

"काय बाटलीताई, आज झाला का पास आमचा समुद्र?"

घड्याळजी आले होते. घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे, कोट घातलेले, दोन बस बदलून. सोबत ढब्बू, त्यांचा जाडजूड कुत्रा, मागचे पाय ओढत. पायांत बळ यायचं तर पोहवा, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून दर मंगळवार-शुक्रवार चुकत नव्हता.

"झाला आजोबा. जा, सोडा त्याला."

"ऐकलंस का रे? सरकारी हुकूम आहे, उतर!"

ढब्बू उतरला. जमिनीवर फरफटणारं ते धूड पाण्यात कसं हलकं झालं! मग तो काठाशी परतला, सायीत नाक घालून लपलप पाणी प्यायला, आणि येऊन नेमकं तिच्याशेजारी त्याने अंग झाडलं. गालावर, ओठावर शिंतोडे. तिने किंचाळायचंच बाकी ठेवलं.

"प्रेम करतो हो तुमच्यावर," घड्याळजी म्हणाले.

"लांबून करायला सांगा!"

त्या हिरव्या लपलपीकडे तिने पाहिलं होतं. बोलावं, असं क्षणभर वाटलंही होतं. पण पाटी हिरवी होती, आणि ओठ पुसायची घाई होती.

पुढच्या मंगळवारी घड्याळजी दिसले नाहीत.

"त्यांचा ढब्बू गेला ना," झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. "त्याच रात्री. उलट्या काय, झटके काय. आजोबा पट्टा द्यायला आले होते, म्हणाले कुणा गरजूला द्या. त्यांनी म्हणे शिळं मटण घातलं होतं त्याला. बायको नको नको म्हणत होती, वास येतोय म्हणून. आता ती बोलत नाही त्यांच्याशी. ते तरी काय, सारखं आपलं, माझ्या हाताने गेला, माझ्या हाताने गेला."

मटण! तिच्या छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं. सुटले. आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटकेची तिला अशी किळस आली, की काठावरची राड परवडली. पोरीला ताप आला तर आदल्या दिवशीचा घास न् घास आठवून काढणारी ती. कुत्रा सायीतून प्यायला, हे तिला आठवू नये?

ती धक्क्यावर चढली नाही. रुमाल खिशात घातला आणि सरळ काठाच्या चिखलात उतरली.

"अहो ताई! अहो, काय करताय!" काका ओरडले.

पाणी बुटात शिरलं. गार, बुळबुळीत. साय मांडीपर्यंत चिकटली. तिने बाटली भरली, बाहेर आली आणि झुडपाआड पोट रिकामं होईपर्यंत ओकली. मग गाडीत बसून पट्टीकडे बघत राहिली. अर्धा तास झाला. पाऊण झाला. काका पण हसायचे थांबले.

रेघ उमटली नाही.

लाल पाटी लावून ती साहेबांकडे गेली, ढब्बूचं सांगितलं. पँट अजून ओली होती. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, नाक मुरडलं.

"आज लाल, ठीक. पण गेल्या आठवड्याचा कागद स्वच्छ आहे ना? मग? कुत्री मरतात हो."

"गेल्या आठवड्यात मी टोकावरून घेतलं होतं, सर. सहा वर्षं टोकावरूनच घेतेय. वारा साय काठाला ढकलतो. टोकाला पाणी चांगलंच असणार."

"हे तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग?" ते हळू आवाजात म्हणाले. "लहान मूल आहे तुम्हाला. नोकरीची काळजी करा. पुढच्या वेळेपासून काठावरून घ्या, विषय संपला."

त्यांच्या आवाजात खरीखुरी माया होती. तीच तिच्याने सोसवली नाही. मागची सगळी नोंद धक्क्याच्या टोकावरची आहे, असं तिने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. साहेबांनी तो कागद दोन बोटांत, मेलेलं झुरळ उचलावं तसा उचलला.

घड्याळजींचं दुकान बंद होतं. वरच्या मजल्यावर ते राहत. दार त्यांनीच उघडलं. आठ दिवसांत कोट खांद्यावरून ढिला झाला होता. आत खिडकीशी बाकावर त्यांची बायको वाटाणे सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

दारातच उभं राहून बाटलीताईने घरातून घोकून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं. टोक, काठ, साय, पट्टी. "त्या दिवशी पाटी लाल हवी होती, आजोबा. मी काठावर उतरले नाही. मला... घाण वाटते, म्हणून."

घड्याळजी दार सोडून एक पाऊल पुढे आले.

"म्हणजे ते मटण नव्हे?"

"मटणाने असे झटके येत नाहीत. मी लॅबमध्ये विचारलं. ते पाणीच होतं."

"घाण वाटते म्हणून," ते पुटपुटले. रागावले नाहीत. ती त्यांच्या रागावण्याची वाट बघत होती. मग त्यांनी तिच्या बाहीला, चिमटीत, लहान मुलासारखं धरलं आणि आत ओढलं.

"हिला सांगा. आत्ता मला सांगितलंत तसंच सांगा. माझं ऐकत नाही ती."

पहिल्यांदा सांगणं सोपं गेलं होतं. आता त्या बाईसमोर उभं राहून तिला तेच शब्द पुन्हा उचलावे लागले, एकेक करून. मटण नव्हतं, आजी. यांची चूक नव्हती. माझी होती.

बाईचे हात थांबले. तिने वर पाहिलं. तिच्या ओठांची कड खाली वळली, नाकपुड्या आक्रसल्या, आणि नजर बाटलीताईच्या चेहऱ्यावरून पायांपर्यंत जाऊन बाजूला झाली. जसं वाटेतलं काही पाहून माणूस पाऊल बाजूला टाकतो.

खाली रस्त्यावर एक बस थांबली, निघून गेली.

मग बाईने मांडीवरचं पातेलं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं आणि बाकावर थोडी सरकली. घड्याळजी जाऊन तिच्याशेजारी बसले. तिने मूठभर शेंगा त्यांच्या पुढ्यात टाकल्या. त्यांनी एक उचलली. शेंग फुटेना. बाईने ती काढून घेतली, फोडली आणि परत दिली.

बाटलीताईला कुणी बसा म्हटलं नाही. दार आपल्या हाताने ओढून घेत ती जिना उतरली.