रीतीप्रमाणे नको म्हटलं

"सरकारी पैशांची गरज आहे?" संगणकापुढे बसलेल्या महनाझने विचारलं. रांग सरकारी अर्ज भरून देणाऱ्या त्या दुकानाबाहेर गल्लीत गेली होती आणि तिला मान वर करायलाही फुरसत नव्हती.

रफूचे कारागीर ओस्ता नुसरत तोंड उघडणार, इतक्यात मागून गालिच्यांचे व्यापारी हाजी सोहराबी म्हणाले, "ओस्तांना काय विचारतेस, पोरी? यांनी रफू केलेला गालिचा कुठे फाटला होता, ते मालकालाही सापडत नाही. असा माणूस हात पसरेल?"

"छे, छे." नुसरतनी छातीवर हात ठेवला. "आम्हाला कसली गरज? गरिबांना मिळू दे."

चहा असो की मजुरी, ते जन्मभर असंच बोलत आले होते. आधी नको म्हणायचं, पुन्हा नको म्हणायचं, आणि समोरच्याने तिसऱ्यांदा आग्रह केला की संकोचत घ्यायचं. सगळं काशान शहर असंच वागत होतं. म्हणून ते आग्रहाची वाट बघत उभे राहिले.

महनाझने बटण दाबलं. "झालं, ओस्ता. दोघांची नावं कमी केली. पुढे कोण?"

नान आणि पेट्रोल महागलं तेव्हापासून सरकार दरमहा माणशी पैसे देत होतं, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखेच. आता तिजोरी आटली, तसं गरज नसलेल्यांनी आपणहून बाजूला व्हावं, असं सांगणं आलं होतं. नुसरत बाजूला झाले होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची बायको तलअतही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तिच्या वाटचे पैसे ते पहिल्या महिन्यापासून तिच्याच हातात ठेवत. चाळीस वर्षांच्या संसारात तिचे स्वतःचे म्हणावेत असे ते पहिलेच पैसे. त्यातून ती दातांची कवळी करून घेणार होती. दंतवैद्याने मापही घेतलं होतं.

नुसरत आपल्या रफूच्या दुकानात येऊन गालिच्यावर वाकले. सुई बोटात गेली. उठले, दारापर्यंत गेले, परत बसले. निळ्याच्या जागी हिरवा धागा भरला, उसवला, पुन्हा हिरवाच भरला. शेवटी दुकानाचं दार ओढून घेऊन ते घरी आले.

"भूत बघितलंत का?" तलअतने विचारलं.

"नाव काढून आलो. दोघांचं. मागे हाजी उभे होते, मी आपलं रीतीप्रमाणे नको म्हटलं."

तिने पातेल्यात डाव फिरवला. "वा. रीत तुमची आणि दात माझे."

"तूच म्हणायचीस ना, फुकटचं खाल्लं की बरकत जाते?"

"म्हणायचे. तेव्हा नान स्वस्त होता." तिने डाव खाली ठेवला. "आणि फुकटचं कसलं? सरकारचा पैसा तेलाचा, तेल जमिनीतलं, जमीन आपली. पाहुण्याने नको नको करावं, ओस्ता. आपल्याच घरात जेवायला बसलेला माणूस करतो का?"

नुसरतना फार लाज वाटली. न जेवताच ते उलट पावली निघाले.

रांग तशीच होती. हाजी राहिलेले कागद घेऊन परत आले होते आणि घरातल्या सात जणांची नावं पैशांच्या यादीत ठेवायला महनाझला हलक्या आवाजात सांगत होते. नुसरतना पाहून ते खोकले.

"महनाझबाई," नुसरत म्हणाले, "मला गरज आहे."

आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. रांगेतली कुजबुज थांबली.

महनाझने या वेळी मान वर केली. "एकदा काढलेलं नाव मला चढवता येत नाही, ओस्ता. अर्ज करावा लागेल. कारण काय लिहू?"

त्यांनी हाजींकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. "लिही, बायकोचे दात."

"एवढंच?"

"एवढंच."

ते घरी आले तेव्हा तलअत जेवणाचा सुफरा जमिनीवर अंथरून जेवायची थांबली होती. "काय लिहिलंत?"

त्यांनी सांगितलं. ती हसली आणि हसताना सवयीने ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

"उत्तर कधी येईल?"

"सांगता येत नाही, म्हणाली."

नुसरतनी नान मोडला. कडक कडा स्वतःपुढे ठेवल्या आणि मधला मऊ भाग तिच्याकडे सरकवला. ती एकदाही नको म्हणाली नाही.