लामिदी स्टुडिओतले सारखे फोटो

अशाबीने सुट्टीत अंगावर घेतलेलं काम ऐकून वर्गातल्या अर्ध्या मुली म्हणाल्या, "तुला वेड लागलंय," आणि उरलेल्या अर्ध्या म्हणाल्या, "तूच करू जाणे बाई!" अशाबीला अर्थातच उरलेल्या अर्ध्यांचं पटलं. शाळेच्या कॉम्प्युटर क्लबात तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. चालायची अशी, जशी काही मागून कुणी ढोल वाजवत येतंय!

काम होतं बाबांचे फोटो नीट लावायचं. तिचे बाबा म्हणजे फोटो लामिदी. जुळ्यांसाठी नावाजलेल्या आमच्या इग्बो-ओरा गावात ज्याच्या भिंतीवर लामिदीने काढलेला फोटो नाही असं घर शोधून दाखवावं. बारसं, लग्न, ईद, नवा दुकानदार, जुना म्हातारा, सगळे त्याच्या वेताच्या खुर्चीत बसून गेलेले. आणि ते सगळे आता दूध पावडरच्या एका मोठ्या डब्यात होते. डब्यात हार्ड डिस्क, डिस्कमध्ये फोल्डर, आणि फोल्डरांची नावं वाचून अशाबीला घेरी यायची बाकी राहिली.

"बाबा, हे काय आहे? 'लग्न', 'लग्न नवीन', 'लग्न तेच', 'पुसू नको', 'खरंच पुसू नको'?"

"मला कळतं त्यातलं."

"कळतं! परवा हेडमास्तरांनी सासरे गेले तेव्हाच्या फातिह्याचे फोटो मागितले, तर तुम्ही त्यांना बकरी दाखवलीत."

"बकरी त्यांचीच होती," बाबा शांतपणे म्हणाले.

अशाबीने कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून कंबर कसली.

काय काम केलं पोरीने! वीज आली की लॅपटॉप, वीज गेली की जनरेटर, जनरेटरचं पेट्रोल संपलं की बाबांच्या नावाने आरडाओरडा. सगळ्या डिस्क एका नव्या मोठ्या डिस्कवर उतरवायला घेतल्या. वर्षाचं फोल्डर, त्यात महिन्याचं, त्यात माणसाचं नाव. एकदम शिस्तीत. पण डिस्क भरत आली आणि डबा अजून अर्धाही रिकामा नाही! तेव्हा तिने एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो सारखे फोटो हुडकून काढायचा आणि प्रत्येकातला एक ठेवून बाकीचे पुसायचा. सुरुवातीचे तिने स्वतः तपासले. केक कापणारी नवरी, तीच नवरी, तोच केक, पुन्हा तीच. बाबा एकाच गोष्टीचे भारंभार फोटो काढतात हे तर तिला ठाऊकच होतं. तिने 'सगळे निवडा' दाबलं, मग 'पुसा' दाबलं, आणि ताटभर अमाला खाऊन येईपर्यंत डिस्क निम्मी रिकामी!

"बाबा! निम्मं ओझं उतरलं!"

बाबा चक्क नाचले. मग तिने उरलेला डबाही तसाच उतरवला, त्या स्वच्छ संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर केली आणि एक इंटरनेटवर चढवली. जुन्या डिस्क धुऊनपुसून बाबांना परत दिल्या. लग्नसराई तोंडावर होती, त्यांनी त्या नव्या फोटोंनी लगेच भरून टाकल्या.

आणि मग ती गावभर सांगत सुटली. बाजारात इया इबेजी भेटली तेव्हाही. इया इबेजी म्हणजे जुळ्यांची आई. तिचं खरं नाव कुणाला आठवतच नव्हतं, तायवो आणि केहिंदे झाल्या त्या दिवसापासून ते नाव गळूनच पडलं होतं. ती घेवड्याच्या पोत्यामागे बसली होती आणि तिच्या दोन बारा वर्षांच्या पोरी एकाच थानाच्या कापडात दोन बाजूंना.

"इया, आता आग लागू दे नाहीतर पूर येऊ दे, आमच्याकडचा एक फोटो हरवायचा नाही! तीन ठिकाणी ठेवलेत."

"माझ्या पोरींचे पण?" इया हसली. "जन्मापासूनचे आहेत हं तुझ्या बाबांकडे."

"सगळेच्या सगळे."

"हिला विचार, माझा त्यातला कुठला," तायवो म्हणाली, का केहिंदे म्हणाली, अशाबीला कळलं नाही, आणि तिघी खिदळल्या.

पावसाळ्यात तायवोला ताप आला. आधी साधा वाटला. मग तो डोक्यात गेला, आणि मोठ्या गावातल्या दवाखान्यात पोचायच्या आत, मोटरसायकलवर, आईच्या मांडीवरच ती गेली.

लहान पोर गेलं की आमच्याकडे गाजावाजा करत नाहीत. ना तंबू, ना ढोल, ना एका कापडात सजलेले नातेवाईक. आईवडिलांना कबरीपर्यंतसुद्धा जाऊ देत नाहीत. त्याच दुपारी मोठ्या काकाने घरातलं तायवोचं सगळं एका पोत्यात भरलं. कपडे, चपला, वह्या, भिंतीवरच्या चौकटी. आईच्या फोनमधलेही फोटो त्याने पुसले. "समोर दिसत राहिलं की तिचं रडणं थांबणार नाही," म्हणाला, आणि पोतं घेऊन गेला, ते कायमचंच. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. सगळे असंच करतात.

एका सकाळी इया इबेजी बाजाराला जाते असं सांगून निघाली आणि डोक्यावर रिकामी टोपली घेऊन स्टुडिओत आली. अशाबी नमस्काराला गुडघे टेकून उठली, तर इयाने तिला पुढचं काही बोलूच दिलं नाही.

"माझी तायवो दे," ती म्हणाली. "एकटीची. जोडीतली नको. तू म्हणालीस ना, तीन ठिकाणी आहे."

"आहे इया, आहे! बसा ना तुम्ही." अशाबीला उलट बरंच वाटलं. सगळं गाव नुसतं 'सोस, सोस' म्हणत होतं, आणि आपल्याला मात्र खरोखर काही देता येणार होतं. तिने फोल्डर उघडलं. गेल्या वर्षीचा वाढदिवस. वेताची खुर्ची, निळा पडदा, पिवळं कापड, हसणारी मुलगी. एक.

दुसरा फोटो नव्हता.

त्याआधीचं वर्ष. एक. त्याआधीचं. एक. दात पडलेलं वर्ष, टक्कल केलेलं वर्ष, मांडीवर धरून बसवलेलं वर्ष. प्रत्येक वर्षी एकच मुलगी.

अशाबीला बाबांची रीत आठवली. जुळ्यांना शेजारी बसवलं की एक हसतं तेव्हा दुसरं नाक पुसतं, म्हणून ते एकेकाला बसवायचे. खुर्ची तीच, पडदा तोच, उजेड तोच. मग ते दोन फोटो जोडून एक मोठा छापायचा, जोडलेला जागा खातो म्हणून पुसायचा, सुटे दोन ठेवायचे. प्रोग्रॅमने ते सुटे दोन बघितले असणार. एकच खुर्ची, एकच कापड, एकच तोंड. जुळ्यांनी भरलेल्या गावातली मुलगी ती, आणि तिने 'सगळे निवडा' दाबलं होतं. फक्त इयाचेच नाहीत, गावातल्या प्रत्येक जोडीतलं एकेक गेलं होतं.

तिने दुसरी डिस्क लावली. इंटरनेटवरची प्रत उघडली. तिन्ही ठिकाणी तेच भोक.

"काय झालं गं?" इया म्हणाली.

अशाबीने सांगितलं. कसं सांगितलं ते तिलाही कळलं नाही. बोलताना शब्द एकमेकांवर आपटत होते. इया रागावली नाही, हेच जास्त भयंकर होतं. ती खुर्ची ओढून लॅपटॉपला नाक लागेल इतकी जवळ बसली.

"अगं, पण यातले काही तिचे असतीलच की. घाबरतेस कशाला! खूण बघ. भुवईवर. विहिरीच्या कट्ट्यावर आपटली होती ना चार वर्षांची असताना, रक्ताने न्हाली होती. केहिंदेला नाही ती खूण."

दोघींनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. कपाळ, भुवया, पापण्या. सगळं लोण्यासारखं गुळगुळीत. इतकं की कातडीला छिद्रंसुद्धा नव्हती.

मागून बाबांचा आवाज आला. ते कधीचे दारात उभे होते कुणास ठाऊक.

"खूण मी काढून टाकायचो," ते म्हणाले. "दरवर्षी. जुळी म्हणजे सारखी दिसली पाहिजेत ना, सगळ्यांना तसंच हवं असतं... आणि साफ केलेला फोटो जुन्याच्या जागीच ठेवायचो. दोन-दोन कशाला म्हणून."

इयाने खुर्ची मागे सरकवली.

अशाबीने पुसलेलं परत आणणारा प्रोग्रॅम जुन्या डिस्कवर चालवला. चार लग्नांच्या खालून त्याने काय उकरून काढावं? एकच तुकडा. वर निळा पडदा, त्याखाली केसांच्या वेण्या, मधला भांग, आणि कपाळ सुरू होतं तिथून खाली सगळं राखाडी. इयाने त्या वेण्यांवर बोट ठेवलं. "मीच घातल्यात. दोघींच्या सारख्याच घातल्या होत्या," ती म्हणाली आणि बोट काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती केहिंदेला घेऊन आली. अशाबीचा सगळा जीव आता त्या मुलीत गोळा झाला होता. ती तरी ओळखेल! स्वतःला कोण ओळखत नाही?

केहिंदे खूप वेळ बघत होती. "ही मी आहे," एका फोटोवर म्हणाली. मग, "नाही, थांब." मग पुढचा. मग परत मागचा. पिवळ्या कापडातल्या मुलीपाशी ती अडली.

"मला नाही कळत, इया."

"असं कसं? स्वतःचं तोंड आहे ते! नीट बघ."

"मी आरशात कधी बघितलंच नाही ना! आम्ही एकमेकींकडे बघूनच केस नीट करायचो." आणि इतक्या दिवसांत जे तिने केलं नव्हतं ते केलं. मोठ्याने, तोंड उघडं टाकून रडली. इयाने तिला पोटाशी धरलं, पण तिची नजर लॅपटॉपवरच होती. अशाबीला एकदम वाटून गेलं, आपण एक मुलगी हरवली नाही, दोन हरवल्या.

मग बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "इया, जुन्या लोकांची एक पद्धत होती. माझे उस्ताद करायचे. एक गेलं, तर राहिलेल्याला दोनदा बसवायचं. एकदा स्वतःसाठी, एकदा गेलेल्यासाठी. मग दोन्ही शेजारी लावायचे. लोक तोच जपायचे."

"मला खोटं नकोय, लामिदी."

"दुसरं काय आहे माझ्याकडे?"

खरंच काही नव्हतं. इयाने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं आणि म्हणाली, "खूण पाहिजे त्यात. खूण असेल तरच."

केहिंदेला खुर्चीत बसवलं. पहिला फोटो तिचा झाला. दुसऱ्या वेळी बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, तर तिने विचारलं, "आता कशी बसू?" मग ती तशीच बसली. खटका वाजला.

अशाबीने तो दुसरा फोटो उघडला. बक्षीस मिळालेल्या हाताने माऊस धरला. खूण पुसायला काय लागतं ते तिला चांगलं माहीत होतं. काढायची कशी, ते आज पहिल्यांदाच. तिने रंग घेतला, आजूबाजूच्या कातडीपेक्षा जरा फिका.

"कुठे, इया?"

"उजव्या भुवईवर. टोकाशी."

"डाव्या," केहिंदे म्हणाली.

"काय डाव्या! मी बांधली होती पट्टी."

"मी तिच्यासमोर झोपायची, इया. या बाजूला होती." तिने हात उचलून दाखवला, मग थबकली, आणि दुसऱ्या बाजूला नेला. "का या..."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. दरवर्षी ती खूण शोधून शोधून पुसणारा माणूस तो. बाबांनी डोळे मिटले, हवेत बोट फिरवून पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली.

इयाने केहिंदेचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचा अंगठा आधी एका भुवईवर गेला, घुटमळला, मग दुसरीवर गेला, आणि तिथेही त्याला काही सापडलं नाही. ती सारखी तेच करत राहिली. इकडे, तिकडे, इकडे. पोर डोळे मिटून उभी होती.

"काढ गं कुठेही," शेवटी इया म्हणाली. तिच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं.

अशाबीने उजवीकडे काढली. बारीक, तिरकी. खरी वाटावी इतकी छान जमली होती. तिने दोन्ही फोटो शेजारी लावले. प्रिंटर कुरकुरत चालला, कागद बाहेर आला. बाबांनी दोन्ही बाजूंनी फुंकर घालून तो वाळवला आणि इयापुढे धरला.

इयाने हात पुढे केला नाही. "पाकिटात घाल," ती म्हणाली. "उपडा घाल."