डबीच्या तळाशी उरलेला चेहरा

कंपनीतली सगळी मंडळी तिला चिमूटकाकू म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी ते चिडवायला ठेवलं होतं, पण ती त्या नावाला खुशाल ओ द्यायची. लिपस्टिकची कांडी संपली की ती काडीने आतलं कोरून महिनाभर चालवायची, आणि टाकून द्यायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. सकाळी स्वतःचं छोटंसं पार्लर आणि संध्याकाळी या हौशी नाटक कंपनीची रंगभूषा, असा तिचा संसार होता.

आज स्पर्धेची शेवटची फेरी होती. नाटक जुळ्या बहिणींचं. एका बहिणीचं काम दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई करत होत्या, रंगाने अगदी उजळ. दुसरी चिमूटकाकूची लेक, सावळी. उंची, बांधा, नाक अगदी सारखं, पण दिव्यांखाली दोघींना एकच चेहरा द्यायचा तर काय काय लावावं? काकूने डोकं खाजवून खाजवून शेवटी डबीत वडीसारखी दाबलेली एक पावडर शोधली. खाली वेगवेगळे थर, वरून ही पावडर, की दोघी एका साच्यातून काढल्यासारख्या. आणि नेमकी तीच छटा बनवणं पावडरवाल्यांनी बंद केलं! बाजार पालथा घातला, तरी डबी मिळाली नाही.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा रंगवून झाला आणि डबीच्या मध्यभागी तळाचा पत्रा चमकला.

"संपली?" दिग्दर्शक दारातून डोकावले. बक्षीस घ्यायला म्हणून काळ्या मखमलीचा कोट चढवून आले होते. "मग दुसऱ्या बहिणीच्या तोंडावरून ओढणी घेऊ. आवाज येतोय ना, पुरे झालं."

सहा महिने आरशासमोर उभं राहून लेकीने डॉक्टरीणबाईंची भुवई उचलण्याची लकब उचलली होती. आता ती भुवई ओढणीआड जाणार होती. तिची मान खाली गेली.

"ओढणी बिढणी काही नाही," काकू कडाडली. "माझ्या लेकीचा चेहरा या डबीत आहे. मी काढते."

"कशातून? तिथं पत्रा दिसतोय, काकू!"

"पत्रा मध्ये दिसतोय. कडेला बघा."

खरंच, कडेला पावडरचं अख्खं कडं शिल्लक होतं. ब्रश तिथवर कधी पोचतच नाही. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून दात कोरायची बारीक सळई काढून दिली. "धुतलेली आहे हो!" काकूने गोल फिरवत कडं सोडवलं. कड्यालगत बोटांच्या तेलाने एक तुकतुकीत पापुद्रा धरला होता. त्यावर चिकटपट्टी लावून ओढली, तशी खालून मऊ, ताजी पावडर उघडी पडली. मग पफ कागदावर उलटा धरून बडवला. पफ केवढी पावडर खाऊन बसला होता! लेकीची मान वर आली. कागदावर ढीग वाढत गेला तसे तिचे डोळे मोठे होत गेले.

"आई, पुरेल गं! पुरेल!"

"तशीच लावा की मग," दिग्दर्शक म्हणाले.

"खडे आहेत त्यात. गालावर डाग उठतील."

चमच्याच्या पाठीने खडे चुरून तिने पावडर परत डबीत भरली. चिकटवलेल्या मिशा काढायचं स्पिरिट थेंब थेंब टाकलं, नाण्याला कागदी रुमाल गुंडाळून दाबून बसवली. वडी कशी देखणी जमली! आता फक्त वाळायला हवी होती. घरी ती अशी डबी रात्रभर उघडी ठेवायची.

तेवढ्यात दुसरी घंटा झाली.

उभ्या जन्मात काकूने कसली घाई केली नव्हती, ती तिने आज केली. केस वाळवायचं यंत्र उचललं आणि डबीवर धरलं. स्पिरिट तेवढ्यात उडून गेलं आणि कोरडी वडी भुसभुशीत झाली.

फुर्रर्र!

हातातोंडाशी आलेला घास हवेत उडाला. खोलीभर गुलाबी धूर झाला. तो खाली बसला तेव्हा डबी रिकामी होती आणि समोर दिग्दर्शक उभे होते. काळ्या मखमलीवर गळ्यापासून पोटापर्यंत सगळी पावडर.

काकूचे डोळे भरून आले. पण फक्त क्षणभर.

"हलू नका!" ती ओरडली. "श्वाससुद्धा हळू घ्या!"

"अहो, माझा कोट..."

"कोट नाही तो आता. ती माझी डबी आहे. इकडे ये गं!"

लेक धावत आली. काकू ब्रश मखमलीवरून अलगद फिरवी आणि लेकीच्या गालावर टेकवी. खडे तर आता उरलेच नव्हते, वाऱ्याने चाळणीचं काम केलं होतं. कपाळ छातीवरून, नाक खिशावरून, हनुवटी तिसऱ्या गुंडीवरून. दिग्दर्शक हात पसरून बुजगावण्यासारखे उभे राहिले आणि डॉक्टरीणबाई हसू दाबता दाबता गुदमरल्या. कॉलरच्या घडीतून शेवटचा कण निघाला तेव्हा तिसरी घंटा घणघणत होती. लेक तशीच पळाली.

काकू ब्रश हातात घेऊनच विंगेत पोचली. पडदा वर गेला. सारख्याच निळ्या झग्यातल्या दोघी दोन बाजूंनी आल्या, एकमेकींभोवती गोल फिरल्या आणि समोर तोंड करून थांबल्या. दोघींनी एकदमच भुवई उचलली. अख्खं सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

"काकू," दिग्दर्शक कानात कुजबुजले, "यातली तुमची कोणती हो?"

काकूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पोटची पोर, पण तिला ओळखता येईना! आनंदाने तिच्या अंगावर काटा आला. तिने दिग्दर्शकांचं मनगट घट्ट धरलं.

"थांबा जरा," ती म्हणाली, "एकीला बोलू तर द्या."